'दिसले' आणि 'असावे' : फ्लॅश फोटॉलिसिसच्या वाङ्मयाची भाषा

१९६७ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांत वाटले गेले. अर्धे पारितोषिक जर्मनीच्या मानफ्रेट आयगेन ह्यांना मिळाले. उरलेले अर्धे इंग्लंडचे रोनाल्ड नॉरिश आणि त्यांचे शिष्य जॉर्ज पोर्टर ह्यांना मिळून देण्यात आले. पापणी लवण्याच्या आत सुरू होऊन संपूनही जातात अशा रासायनिक अभिक्रियांचा माग काढणे, हे तिघांच्या कार्यातील समान सूत्र होय. त्या निमित्ताने स्टॉकहोम येथे दिलेली तिन्ही व्याख्याने ग्रंथबद्ध झालेली आहेत. आयगेन ह्यांच्या व्याख्यानाचे शीर्षक मराठीत 'मापनातीत वेगाच्या अभिक्रिया' असे करता येईल. डॉक्टरेटच्या परीक्षेची तयारी करीत असताना ऑयकेन ह्यांच्या पाठ्यग्रंथात, आम्ल आणि अल्कली ह्यांच्या उदासिनीकरणाचा वेग मोजण्यापलीकडचा आहे, अशा अर्थाचे वाक्य त्यांच्या वाचनात आले होते. पुढे तोच वेग त्यांनी मोजून दाखविला. शीर्षकातील सूक्ष्म उपरोध पूर्वसूरींवर नसून 'मापनातीत' ह्या विशेषणावर आहे. अमुक गोष्ट मोजता येत नाही हे वाक्य वस्तूविषयी काही सांगत असल्याचा भास निर्माण करते. वस्तुतः ते हाताशी असलेल्या साधनाविषयी सांगत असते.

वस्तू आणि साधन ह्यांच्यामधील हे अंतर भाषेत कसे राखले जाते, आणि कधी कसे पुसले जाते, हा प्रश्न फ्लॅश फोटॉलिसिसच्या व त्यातून पुढे वाढलेल्या ट्रान्झिएंट ॲब्सॉर्प्शन ह्या पद्धतीच्या वाङ्मयात विशेष तीव्रतेने उभा राहतो. कारण ज्या पदार्थांविषयी हे वाङ्मय बोलते ते कोणी बाटलीत भरून ठेवलेले नाहीत. ते सेकंदाच्या दशलक्षांश भागात, कधी त्याच्याही अब्जांश भागात नाहीसे होतात. त्यांचे अस्तित्व सांगणारे प्रत्येक वाक्य हे अनुमानाचे वाक्य असते. परंतु ते तसे वाटेलच असे मात्र नाही.

प्रथम नावाचा विचार करू. नॉरिश व पोर्टर ह्यांचे अतितीव्र प्रकाशाने घडविलेल्या अभिक्रियांवरील टिपण 'नेचर'मध्ये १९४९ साली प्रसिद्ध झाले, आणि १९५० साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात पोर्टर ह्यांनी ह्या पद्धतीचे सविस्तर विवेचन केले. त्या निबंधाच्या शीर्षकातच 'फ्लॅश फोटॉलिसिस' हे नाव आहे. युद्धकाळात पोर्टर ब्रिटिश नौदलात रडार-अधिकारी होते; विजेचे तुटक स्पंद कसे निर्माण करावयाचे आणि कसे टिपावयाचे ह्याची त्यांना तेथे चांगलीच ओळख झाली होती. युद्धानंतर केंब्रिजला आल्यावर त्यांनी ते कौशल्य रसायनशास्त्रात आणले. धारित्रांत साठविलेली विद्युत्-ऊर्जा एका दिव्यातून एकदम सोडावयाची, त्या लखलखाटाने नळीतील वायूचे रेणू फोडावयाचे, आणि थोडा ठरावीक वेळ जाऊ देऊन दुसऱ्या, मंद लखलखाटाने नळीतील द्रव्याचा वर्णपट टिपावयाचा, अशी ही योजना. 'फोटॉलिसिस' हा शब्द ग्रीक घटकांचा : 'फोस' म्हणजे प्रकाश, 'लुसिस' म्हणजे सोडविणे, सैल करणे. पहिल्या प्रयोगांत तो अक्षरशः खरा होता. क्लोरीनचा रेणू खरोखरच तुटत होता. क्लोरीन आणि ऑक्सिजन ह्यांच्या मिश्रणावर लखलखाट सोडला असता क्लोरीन मोनॉक्साइड ह्या मूलकाचा वर्णपट मिळाला, तोही ह्याच तुटण्यातून. (त्या वेळी ह्या मूलकाचे महत्त्व प्रयोगशाळेपुरतेच होते. वातावरणातील ओझोनच्या ऱ्हासात त्याचा वाटा काय, हे मोलिना व रोलंड ह्यांच्या १९७४ मधील निबंधानंतर चर्चेत आले.)

पुढे १९५२ नंतर पोर्टर व विंडसर ह्यांनी हीच पद्धत अँथ्रासीनसारख्या पदार्थांच्या द्रावणांना लावली आणि नावाचा अर्थ हलला. येथे रेणू तुटत नाही. तो प्रकाश शोषून उत्तेजित होतो, काही काळ त्रिक नावाच्या अवस्थेत राहतो, आणि धडधाकट परत येतो. 'लुसिस' नाही, तरी 'फोटॉलिसिस' आहे. इंग्रजी वाचकाला ह्यात काही खटकले नाही, कारण त्याच्या दृष्टीने ग्रीक घटक मुके आहेत. शब्दाने एकदा पद्धतीचे नाव म्हणून काम करावयास सुरुवात केली की त्याचे पोट कोणी उघडून पाहत नाही. मराठीची गोष्ट निराळी. विद्युत्-अपघटनाच्या धर्तीवर 'प्रकाश-अपघटन' हा शब्द केला, तर त्यातील 'अपघटन' शाळेतील मुलालाही कळते : घडलेले मोडणे. 'अँथ्रासीनचे प्रकाश-अपघटन' असे वाचणारा विद्यार्थी अँथ्रासीन नष्ट झाले असेच समजणार. आणि त्याच्या मराठीच्या दृष्टीने तो चुकत नाही. गंमत अशी, की प्रयोगशाळेत ज्याची सर्वांत अधिक धास्ती असते ते नेमके हेच. लेसरच्या वारंवार माऱ्याने नमुना खरोखरच बिघडला तर निरीक्षणे वाया जातात, आणि म्हणून प्रयोगाच्या आधी व नंतर द्रावणाचा साधा वर्णपट घेऊन तो तसाच्या तसा आहे ना, ह्याची खात्री करून घ्यावी लागते. जे होऊ नये म्हणून प्रयोगकर्ता जपतो, तेच मराठी नाव प्रयोगाचे उद्दिष्ट म्हणून जाहीर करते.

संस्कृतोद्भव परिभाषा सुबोध असते, म्हणून ती श्रेयस्कर, असा युक्तिवाद आपल्याकडे वारंवार केला जातो. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांमागे हीच दृष्टी प्रामुख्याने आहे, आणि ती पुष्कळ ठिकाणी योग्यही ठरली आहे. परंतु सुबोधतेची ही दुसरी बाजू दुर्लक्षिता येत नाही. जो शब्द आपला अर्थ बोलून दाखवितो, तो अर्थ बदलला तरी जुनेच बोलत राहतो. पद्धत वाढती असेल, तिचा विषय दर दशकाला पालटत असेल, तर अशा बोलक्या नावापेक्षा मुके नाव अधिक प्रामाणिक. 'फ्लॅश फोटॉलिसिस' हा शब्द देवनागरीत आहे तसाच वापरावा ह्यात भाषेचा पराभव नाही. प्रयोगशाळांतून तो तसाच रुळलेलाही आहे.

'ट्रान्झिएंट' ह्या शब्दाची अडचण वेगळ्या जातीची आहे, आणि ती समजण्यासाठी प्रयोगाची रचना थोडी जवळून पाहणे अवश्य आहे. सामान्यतः एक सेंटिमीटर रुंदीच्या क्वार्ट्झच्या चौकोनी कुपीत द्रावण असते. त्यातून नायट्रोजन अथवा अरगॉन वायूचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन काढून टाकलेला असतो. एका बाजूने झेनॉन-दिव्याचा अखंड प्रकाश कुपीतून आरपार जातो व पलीकडे तरंगलांबी निवडणाऱ्या यंत्रातून प्रकाशसंवेदी नळीवर पडतो. दुसऱ्या बाजूने, बहुधा काटकोनात, लेसरचा स्पंद येतो. निओडिमियम-याग लेसरच्या १०६४ नॅनोमीटर प्रकाशाची वारंवारता तिप्पट करून मिळविलेला ३५५ नॅनोमीटरचा, सुमारे दहा नॅनोसेकंद टिकणारा स्पंद ह्या कामी नेहमी योजला जातो. स्पंद येताच झेनॉनचा पलीकडे पोहोचणारा प्रकाश किंचित कमी होतो, आणि मग हळूहळू पूर्ववत् होतो. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर उमटणारी ही खोलगट रेषा, एवढेच प्रयोगाचे फलित. स्पंदापूर्वी किती शोषण होते आणि नंतर किती झाले, ह्यांतील फरक प्रत्येक तरंगलांबीला आणि प्रत्येक क्षणाला काढावयाचा. यंत्र पदार्थ दाखवीत नाही, फरक दाखविते.

ह्याहून वेगवान प्रयोगांत फरकाचे हे तत्त्व यंत्राच्या रचनेतच गुंफलेले असते. तेथे पंप आणि प्रोब असे दोन स्पंद असतात. पंपाच्या वाटेत फिरणारी चकती एक स्पंद सोडते, एक अडविते, आणि सोडलेल्या व अडविलेल्या स्पंदांच्या वेळी प्रोबचे शोषण किती, ह्याची वजाबाकी होत राहते. दोन स्पंदांमधील वेळ घड्याळाने मोजली जात नाही. एका आरशाला मागे सरकवून ती निर्माण केली जाते. प्रकाश एका पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर जातो. आरशापर्यंत जाणे आणि परत येणे अशी वाट दुप्पट होत असल्यामुळे आरसा ०.१५ मिलिमीटर सरकविला की एक पिकोसेकंद विलंब मिळतो. काळ येथे शब्दशः लांबविला जातो, आणि मराठीतील 'वेळ लांबणे' हा प्रयोग ज्यांनी रूढ केला त्यांना त्याची ही सार्थकता स्वप्नातही दिसली नसेल.

आता 'ट्रान्झिएंट'. मूळचे हे विशेषण, अल्पकाळ टिकणारे अशा अर्थाचे. ह्या वाङ्मयात त्याचे नाम झाले. आणि एकच नाम दोन वस्तूंना लावले गेले. अल्पजीवी पदार्थ हा 'ट्रान्झिएंट', आणि ऑसिलोस्कोपवरील ती रेषाही 'ट्रान्झिएंट', कारण विद्युत्-अभियांत्रिकीत क्षणभर उमटून विरणाऱ्या संकेताला पूर्वीपासूनच ते नाव आहे. परिणाम असा, की 'ट्रान्झिएंटचा ऱ्हास पाच मायक्रोसेकंदांत होतो' ह्या वाक्यात ऱ्हास कोणाचा होतो, रेणूंचा की रेषेचा, हे वाक्य सांगत नाही. पुष्कळदा दोन्हींचा बरोबरच होतो, म्हणून कोणी विचारतही नाही. परंतु एकाच तरंगलांबीवर दोन पदार्थ शोषण करीत असतील, तर रेषा एक असते, पदार्थ दोन असतात, आणि रेषेच्या ऱ्हासाला पदार्थाचा ऱ्हास मानणे ही चूक ठरते. लक्षणेने बोलणे कवीला शोभते. मापनाच्या वाक्यात लक्षणा शिरली की ती ओळखण्याची सवय लेखकाला असावी लागते.

मराठीत ह्या दोन अर्थांसाठी दोन शब्द सहज मिळतात : पदार्थासाठी 'अल्पजीवी' आणि रेषेसाठी 'क्षणसंकेत'. इंग्रजीने जोडून ठेवलेले मराठीने वेगळे करावे, अशी ही दुर्मिळ संधी आहे. 'क्षणिक' हा शब्द मात्र पदार्थाला लावताना जरा जपून लावावा. अमरकोशाच्या हिशेबाने अठरा निमेषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची एक कला, तीस कलांचा एक क्षण आणि बारा क्षणांचा एक मुहूर्त. अहोरात्रात मुहूर्त तीस. म्हणजे मुहूर्त ४८ मिनिटांचा आणि क्षण पुरत्या चार मिनिटांचा झाला. खुद्द निमेषही सेकंदाच्या सुमारे दीडशतांश भागाएवढा भरतो, आणि तेवढ्या अवधीत ह्या प्रयोगांतील बहुतेक पदार्थ हजारो वेळा जन्मून मरतील. बोलीतील 'क्षण' अर्थातच कोशाच्या क्षणाहून पुष्कळ लहान आहे. तथापि तोही येथे फार मोठा पडतो.

ह्या वाङ्मयाची खरी कसोटी लागते ती एका क्रियापदाशी. वर्णपटात एक पट्टा मिळाला, तो कोणाचा हे सांगावयाचे असते, आणि इंग्रजी निबंधांत तेथे जवळजवळ ठरलेले वाक्य येते : हा पट्टा अमुकाला 'असाइन' केलेला आहे. ह्या कर्मणी रचनेत कर्ता नाही. कोणी, कशाच्या बळावर, किती खात्रीने, हे सर्व क्रियापदाच्या पोटात गडप होते. एकाने वीस पुरावे तपासून 'असाइन' केले आणि दुसऱ्याने एका पूर्वप्रसिद्ध तक्त्यातील आकडा जुळला म्हणून केले, तरी वाक्य तेच. चांगला लेखक ह्या वाक्याच्या आधी पुरावा मांडतो. सामान्य लेखक हे वाक्यच पुरावा म्हणून मांडतो.

बेंझोफिनोनचे उदाहरण ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. हा पदार्थ प्रकाशरसायनशास्त्राचा जुना सोबती. चामिचान व झिल्बर ह्यांनी बोलोन्या येथे सूर्यप्रकाशात अल्कोहोलबरोबर त्याचे क्षपण होते हे १९०० साली प्रसिद्ध केले. आज तोच पदार्थ लेसर फ्लॅश फोटॉलिसिसची उपकरणे तपासून पाहण्यासाठी नवशिक्यांच्या हाती दिला जातो. त्याच्या त्रिक अवस्थेचा शोषणपट्टा ५२५ नॅनोमीटरच्या आसपास असतो. द्रावणात आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर ही त्रिक अवस्था त्याच्याकडून हायड्रोजनचा अणू घेते आणि कीटिल नावाचे मूलक होते; त्याचा पट्टा ५४५ च्या आसपास येतो. दोन पट्टे एकमेकांवर इतके पसरलेले असतात, की केवळ वर्णपटाचा आकार पाहून ह्यांतले कोण हे सांगणे धोक्याचे. मग पडताळा घ्यावयाचा. द्रावणात ऑक्सिजन येऊ दिला तर त्रिक अवस्थेचे आयुष्य झपाट्याने घटते. अल्कोहोलचे प्रमाण वाढविले तर एक पट्टा जितक्या वेगाने विरतो तितक्याच वेगाने दुसरा वाढतो की नाही, हे पाहावयाचे. पट्ट्याची ओळख त्याच्या रूपावरून न करता, एक गोष्ट बदलली असता तो कसा वागतो ह्यावरून करावयाची.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटणार नाही. मराठीत अल्पप्राण 'ट' आणि महाप्राण 'ठ' हे दोन स्वतंत्र स्वनिम आहेत हे त्यांच्या उच्चाराच्या ध्वनिमुद्रिकेवरून सिद्ध होत नाही. 'पाट' आणि 'पाठ' ह्या जोडीत एकाच्या जागी दुसरा ठेवला असता अर्थ बदलतो, ह्यावरून सिद्ध होते. येल्मस्लेव ह्यांनी ज्याला विनिमय-कसोटी म्हटले ती हीच. सोस्यूर ह्यांच्या मते भाषेत जे काही आहे ते भेदांच्या रूपाने आहे. प्रयोगशाळेतील यंत्रही भेदच देते, आणि त्या भेदांतून वस्तू उभी करण्याचे काम वाचणाऱ्याचे असते. ही तुलना फार ताणू नये, कारण रेणू हा भाषिक चिन्हासारखा संकेतावर अवलंबून नाही. परंतु पुराव्याचे व्याकरण दोन्हीकडे सारखे आहे एवढे खास.

हे व्याकरण दृष्टीआड झाले म्हणजे काय होते, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण दृष्टीच्याच संशोधनात घडले. डोळ्यातील ऱ्होडॉप्सिन ह्या रंगद्रव्यात रेटिनल हा रेणू वाकलेल्या, सिस रूपात असतो. प्रकाशाने तो ट्रान्स, म्हणजे ताठ होतो. हे दाखविणारे जॉर्ज वॉल्ड ह्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले तेही योगायोगाने १९६७ सालीच, ग्रॅनिट व हार्टलाइन ह्यांच्यासह. १९७२ साली रेंत्झेपिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकोसेकंदांच्या लेसर-स्पंदांनी ऱ्होडॉप्सिनचा प्रयोग केला. ५६१ नॅनोमीटरवर नवे शोषण सहा पिकोसेकंदांच्या आत उमटले. रेषा निःसंदिग्ध होती. प्रश्न होता तो रेषा कशाची हा. पुढे अतिनीच तापमानात आणि हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम बसविल्यावर हे शोषण उमटण्यास अधिक वेळ लागतो असे आढळले, आणि १९७७ साली ह्याच गटातील पीटर्स, ॲपलबरी व रेंत्झेपिस ह्यांनी, दृष्टीची आद्य घटना म्हणजे प्रोटॉनचे स्थानांतर, असे प्रतिपादन केले. एवढ्या थोड्या अवधीत प्रथिनाच्या कोंदणात जखडलेला रेटिनल ताठ कसा व्हावा, ही शंका त्यामागे होती.

उलट पक्षाने, म्हणजे ग्रीन, अल्फानो, कॅलेंडर इत्यादींनी, त्याच वर्षी मांडलेला युक्तिवाद विनिमय-कसोटीच्या जातीचा होता. ऱ्होडॉप्सिनमधील रेटिनल अकराव्या जागी वाकलेला असतो, आयसोऱ्होडॉप्सिनमधील नवव्या जागी. प्रकाश टाकला असता दोन्हींतून पिकोसेकंदांतच एकच पदार्थ निघतो. वेगवेगळ्या जागी वाकलेले दोन रेणू एका रूपास येतात, ते केवळ प्रोटॉन सरकल्याने येऊ शकत नाहीत. वाक सुटलाच असला पाहिजे. १९९१ साली बर्कली येथील शोएनलाइन, पेतेआनू, मॅथिस व शँक ह्यांनी फेम्टोसेकंदांच्या स्पंदांनी त्या पदार्थाचे शोषण सुमारे २०० फेम्टोसेकंदांत उमटते हे दाखविले, आणि शंकेचा आधारच उलटला : वाक सुटण्यास वेळ कमी पडत नव्हता, तो अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर सुटत होता. ह्या सबंध वादात कोणाचीही रेषा खोटी नव्हती. रेषेच्या पुढे ठेवलेले नाव तेवढे वादग्रस्त होते. १९७७ च्या दोन पक्षांचे निबंध शेजारी ठेवून वाचले म्हणजे 'पाहिले' आणि 'अनुमानिले' ह्यांतील दरी ध्यानात येते, आणि त्याबरोबर हेही ध्यानात येते की दरी मान्य करणाऱ्या निबंधाचा युक्तिवाद अधिक टिकाऊ झाला.

ह्या पार्श्वभूमीवर अहमद झेवेल ह्यांचे १९९९ चे नोबेल-व्याख्यान वाचावे. फेम्टोसेकंदांच्या स्पंदांनी अभिक्रियांच्या संक्रमण-अवस्थांचा अभ्यास केल्याबद्दल त्यांना ते पारितोषिक मिळाले. आयोडीन सायनाइडचा बंध सुमारे २०० फेम्टोसेकंदांत तुटणे, सोडियम आयोडाइडचे दोन अणू वेगळे होण्यापूर्वी पुनःपुन्हा दूर जाऊन जवळ येणे, हे त्यांचे प्रयोग अभिजात म्हणावे असे आहेत. व्याख्यानाची भाषा प्रसन्न आहे. एक फेम्टोसेकंद एका सेकंदाला तसा, जसा एक सेकंद ३.२ कोटी वर्षांना, हे प्रमाण ते देतात आणि वाचक थबकतो. धावत्या घोड्याचे चारही खूर एकाच वेळी जमिनीवरून उचलले जातात की नाही, हे छायाचित्रांनी दाखविणारा मायब्रिज त्यांच्या व्याख्यानात येतो, आणि त्याच्या घोड्याच्या जागी रेणू बसतो. ही उपमा इतकी समर्पक वाटली, की त्यानंतर ह्या विषयावरील लोकाभिमुख लेखनात 'रेणूंचा चित्रपट' आणि 'जगातील सर्वांत वेगवान कॅमेरा' हे शब्दप्रयोग जणू नियमच झाले. २०२३ साली भौतिकशास्त्राचे पारितोषिक ॲटोसेकंदाच्या प्रकाशस्पंदांना मिळाले तेव्हाही तीच वाक्ये पुन्हा ऐकू आली.

उपमेत उणे काय आहे? मायब्रिजने १८७८ साली ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी एकाच घोड्याची एकच दौड टिपली. पंप-प्रोब प्रयोगात आलेखावरील प्रत्येक बिंदू वेगळ्या रेणूंचा आहे, आणि बहुधा शेकडो-हजारो स्पंदांची सरासरी आहे. एक दौड नाही. असंख्य घोडे, एकाच बंदुकीच्या आवाजाला एकदम सुटलेले, आणि प्रत्येक चित्र निराळ्या कळपाचे. ती सर्व चित्रे जुळतात ह्याचे कारण घोडे खरोखर एकदम सुटतात, आणि ते तसे सुटावेत ह्यासाठी काय करावे लागते हाच ह्या शास्त्रातील सर्वांत सुंदर भाग आहे. झेवेल ह्यांच्या व्याख्यानात त्याचे विवेचन आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु ते विवेचन विसरले जाते आणि घोडा तेवढा लक्षात राहतो. शिवाय चित्रात घोडा घोड्यासारखा दिसतो. शोषणाच्या फरकात रेणू रेणूसारखा दिसत नाही. धूर पाहून पर्वतावर अग्नी आहे असे म्हणणारा नैयायिक अग्नी पाहिल्याचा दावा करीत नाही, आणि त्यामुळे त्याचे ज्ञान कमी प्रतीचे ठरत नाही.

पोर्टर ह्यांचे व्याख्यानही मानवी इंद्रियांच्या मर्यादा आणि त्यांच्या कक्षा वाढविण्याची विज्ञानाची धडपड, ह्याच विचाराने सुरू होते. तेव्हा दृष्टीचे रूपक त्यांना वर्ज्य होते असे नव्हे. फरक पुढे पडतो. पोर्टर प्रस्तावना आटोपून लगेच दिवे, स्पंदांची लांबी आणि पट्टे ह्यांत उतरतात, रुबी-लेसरच्या साहाय्याने नुकत्याच साधलेल्या नॅनोसेकंदांच्या प्रयोगांपर्यंत येतात, आणि कोणता पट्टा कोणाचा हे कसे ठरले ते सांगत राहतात. त्यांच्या गद्यात झेवेल ह्यांची दीप्ती नाही. मात्र वाचून झाल्यावर वाचकाजवळ एक रीत उरते. झेवेल ह्यांच्या व्याख्यानानंतर एक दृश्य उरते. विद्यार्थ्याला शिकवावयाचे असेल तर निवड कोणती करावी ह्यात फारशी अडचण पडू नये.

मराठीत ह्या विषयावर लिहिणाऱ्याने कोणते व्याकरण योजावे हा प्रश्न येथे उपस्थित होतो, आणि मराठी त्या बाबतीत इंग्रजीपेक्षा गरीब नाही. 'आहे', 'दिसते', 'आढळते', 'असेल', 'असावे', 'असले पाहिजे', 'ठरते', 'मानले आहे' : ही सर्व रूपे पुराव्याच्या वेगवेगळ्या पायऱ्या दाखवितात, आणि घरगुती बोलण्यात त्यांचा वापर कोणीही चुकत नाही. अंगण ओले पाहून 'रात्री पाऊस पडला असावा' असे म्हणणारी गृहिणी 'पाऊस पडला' असे म्हणत नाही. शालेय व्याकरण ह्या रूपास विध्यर्थ म्हणते आणि त्याच्या अनेक अर्थांत तर्क हाही एक म्हणून घालून मोकळे होते. शास्त्रीय लेखनाच्या दृष्टीने तोच त्याचा मुख्य अर्थ होय. दुर्दैवाने शास्त्रीय मराठीत ह्या रूपाला कमकुवतपणाचे लक्षण मानण्याची प्रथा पडली आहे. 'असावे' लिहिले तर लेखकाला खात्री नाही असे वाचले जाते, आणि म्हणून अनुमानाच्या जागीही सर्रास 'आहे' ठोकले जाते. वास्तविक 'असावे' हे अज्ञानाचे रूप नाही. ते पुरावा कोणत्या जातीचा आहे हे सांगणारे रूप आहे. कुपीत ऑक्सिजन सोडण्यापूर्वी 'हा पट्टा त्रिक अवस्थेचा असावा' आणि सोडल्यानंतर 'हा पट्टा त्रिक अवस्थेचा ठरतो', ही दोन वाक्ये ज्या प्रबंधात योग्य जागी येतील त्या प्रबंधाला निम्मे परीक्षण आपोआप लाभेल.

एक शब्द राहिला. शोषणाचा फरक काही तरंगलांबींवर उणा येतो, कारण मूळ अवस्थेतील जे रेणू उत्तेजित झाले ते तेथून कमी झालेले असतात. त्याला इंग्रजीत 'ब्लीच' म्हणतात, आणि मराठीत कोणी 'विरंजन' लिहिले तर आश्चर्य वाटू नये, कारण विरंजक चूर्ण सर्वांना परिचित आहे. पण विरंजनाने गेलेला रंग परत येत नाही, आणि ह्या प्रयोगात तो परत येतो. किती वेळात परत येतो हेच तर मोजावयाचे असते. तेथे 'उणा पट्टा' एवढे म्हटले तरी भागते, आणि आलेखावर दिसते तेही तेवढेच.